तुम्ही नक्की कुणाची माणसं?

आपल्या जिल्ह्यातले ड्रायव्हर गाडी कशी चालवतात, याच्या अभ्यासासाठी कॉलेजनं मला आणि वैशाली मॅडमना वर्षभर रस्त्यावर उभं केलं. कामाचं ते रिपोर्टमध्ये गेलं. रिपोर्टमध्ये न मावणारंच जास्त साठलंय. कारण ज्याला प्रश्न विचारावा, तो उलटा आमचीच चौकशी करायचा!

*

येरमाळ्याला हायवेवरच्या हॉटेलात एका ट्रक ड्रायव्हरला विचारलं, "सलग किती तास गाडी चालवता?"

त्यानं चहाची बशी खाली ठेवली. "तुमाला मालकानं पाठवलं का बायकोनं?"

"कुणीच नाही हो. अभ्यास आहे."

"मालकानं पाठवलं असंल तर सोळा लिवा. बायकोनं असंल तर आठ."

"आणि खरं?"

"खरं इचारनारा अजून भेटला न्हाय!"

*

ईट गावचा एक जीपवाला. "सीट बेल्ट लावता?"

"म्हंजे काय! धा वर्सं झाली, रोज लावतो."

मॅडमना शंका आली. त्यांनी बेल्ट ओढून बघितला, तर वर कंपनीचं प्लास्टिक तसंच!

जीपवाला शांत. "जपून वापरतो, मॅडम."

*

काही ड्रायव्हरांच्या केबिनमध्ये, त्यांना विचारूनच, आम्ही कॅमेरे बसवले होते. बेंबळीच्या टेम्पोवाल्या अण्णांचं रेकॉर्डिंग बघून आम्ही थक्क झालो. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, साधी जांभईसुद्धा नाही.

इतका चांगला ड्रायव्हर? मला काही पटेना. पुन्हा लावून बघितलं. अण्णा स्टिअरिंग फिरवत होते, पण खिडकीबाहेरची बाभळ जागची हलत नव्हती! गाडी उभी करून कॅमेरा चालू, आणि गाडी निघाली की कॅमेऱ्यावर टॉवेल.

"अण्णा, ही तर उभी गाडी आहे!"

"मग? एक तरी अपघात झाला का?"

*

कळंब रोडला आम्ही वाहनांचा वेग मोजत होतो. एका ठिकाणी प्रत्येक गाडी हळू व्हायची. तिथं ना स्पीडब्रेकर, ना वळण, ना शाळा. ड्रायव्हरांना विचारलं, तर "काय न्हाय, असंच," म्हणून नजर चुकवायचे. शेवटी एकजण हळूच बोलला, "ती म्हातारी गाड्यांचे नंबर लिव्हती. कुनाला देती, देव जाणे!"

आम्ही जाऊन बघितलं. लिंबाखाली पोत्यावर एक आजी बसलेल्या. मांडीवर वही, हातात पेन. गाडी आली की मान वर करायच्या, गाडीकडं रोखून बघायच्या आणि वहीत काहीतरी करायच्या.

आम्हाला बघून त्यांनी वही पदराखाली घेतली. "कोन तुमी? पोलिसाचे?"

"नाही आजी, कॉलेजचे. गाड्या जोरात जाऊ नयेत म्हणून काम करतो."

त्यांनी आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग वही मॅडमच्या हातात दिली.

पानंच्या पानं नुसत्या रेघोट्या! एक अक्षर नाही, एक आकडा नाही.

"आजी, यात नंबर कुठं आहेत?"

"हळू बोल, बाई. गाडीवाल्यास्नी कळंल." आजींनी वही परत घेतली. "मला लिव्हता आलं असतं, तर माज्या मालकाला हितं उडवून गेला त्या टेम्पोचा नंबर लिव्हला नसता का?"