निकडीच्या यादीतलं पहिलं नाव

कलामंडळाच्या कार्यालयात तिला सगळे 'वेधशाळा' म्हणत. सुरुवातीला पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि एकदा तर टपालाच्या पाकिटावरही तेच नाव आलं. तिने सही करून ते घेतलं. आतलं काम तिचंच होतं.

हुद्द्याने ती वरिष्ठ कारकून. नोकरी एकतीस वर्षं, आणि त्यातली बावीस अशा एका कामात गेलेली जे कुठल्याच नियमावलीत लिहिलेलं नव्हतं. येत्या वर्षभरात कोणता नामवंत म्हातारा जाण्याची शक्यता आहे, हे तिला सांगावं लागे.

यात कुणाचं वाईट चिंतणं नव्हतं. मंडळ दरवर्षी एक जीवनगौरव पुरस्कार देई आणि घटनेत अट अशी होती, की तो हयात व्यक्तीलाच द्यायचा आणि तिने तो रंगमंचावर येऊन आपल्या हाताने घ्यायचा. अट सरळ वाटते, पण म्हातारे सरळ वागत नाहीत. ओळीने तीन वर्षं, नाव ठरल्यावर आणि सोहळा व्हायच्या आत, मानकरी वारले. पदकावर नाव कोरणारा कारागीर दोन महिने घेई, त्यामुळे तिन्ही पदकं कोरून तयार होती. ती कपाटात पडली. त्यातलं चित्रकाराचं पदक पुढे पंख्याखालच्या कागदांवर ठेवायला बरं पडू लागलं.

तेव्हा चिटणीसांनी बैठकीत सांगितलं, की यापुढे गुणवत्तेबरोबर निकडही बघावी. गुणवत्ता काय, थांबू शकते. आणि निकडीची यादी करायचं काम तिच्या टेबलावर आलं, कारण टेबल दाराजवळ होतं.

दर सप्टेंबरात ती एक छापील अर्ज घेऊन घरोघर जाई. अर्जाचं नाव 'माहिती अद्ययावत करणे'. त्यात पत्ता, दूरध्वनी आणि छंद एवढंच विचारलेलं असे. अर्ज ते भरत बसले की ती इकडेतिकडे बघे. घंटा वाजल्यापासून दार उघडेपर्यंत किती सेकंद गेले, दाराशी बाहेरच्या चपला आहेत की नुसत्या घरातल्या, दिनदर्शिकेचं पान चालू महिन्याचं आहे की मागच्या, चहापत्तीचा पुडा मोठा आणतात की छोटा. हे सगळं ती जिन्यात उभं राहून वहीत टिपून घेई.

पण तिची खरी खूण वेगळीच होती. ती म्हाताऱ्याला त्याच्या जन्माच्या वैऱ्याबद्दल विचारी. जो अजून तोंडसुख घेतो, ज्याला चाळीस वर्षांपूर्वी कोणी कुणाची भूमिका पळवली हे तारखेनिशी आठवतं, त्याला काही धाड भरत नाही. पण ज्याने मान हलवून म्हटलं, "नाही हो, मोठाच कलावंत तो," त्याचं नाव ती यादीत वर सरकवी. बावीस नावांपैकी सतरा जण वर्षाच्या आत गेले. उरलेले पाच उशिरा गेले, पण गेले. तेवढ्यावरून चिटणीस तिला दोष देत नसत.

या शास्त्राचा उपद्रव घरात जास्त होता. नवरा बापडा सरळ माणूस, कारखान्यातून निवृत्त झालेला. एकदा जेवताना तो आपल्या थोरल्या भावाबद्दल दोन शब्द बरे बोलून गेला. तिने हातातला घास तसाच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून आणल्या. तेव्हापासून त्या घरात कुणाचं कौतुक करायची सोय राहिली नाही. नवरा जेवायला बसला की आधी भावाला दोन शिव्या हासडी, मग ती भाजी वाढे.

हळूहळू ही गोष्ट नामवंतांनाही कळली. एका गायकाला पुरस्काराचं पत्र मिळालं तेव्हा त्याने ते बायकोला न दाखवता आधी वकिलाला दाखवलं. दुसऱ्या एकाने कळवलं, की आभारी आहे, पण मला सध्या बरं वाटतंय. आणि ज्यांना पत्र येत नसे त्यांना वेगळंच दुःख होतं. त्यांत पहिले आबा.

आबा म्हणजे रंगभूमीवर सर्वांत जास्त वेळा मेलेला नट. हृदयविकार, विष, तलवार, विरह, सगळं त्यांनी केलं होतं. तीस वर्षं ते मेले आणि तीस वर्षं त्यांच्या छातीवर डोकं टेकून जिजी रडली. लोक म्हणत, आबांचं मरण बघावं आणि जिजीचं रडणं ऐकावं. मग एका प्रयोगात आबा गेल्यावर जिजी हसली. का हसली ते तिने कधी सांगितलं नाही. प्रेक्षकांपैकी अर्ध्यांना तो हुंदकाच वाटला, पण मेलेल्या माणसाला जवळून ऐकू आलं होतं. पडदा पडल्यावर आबा उठले ते तिच्याशी बोलायचे थांबले. त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती.

आबांचं वय अठ्ठ्याऐंशी. ते चौथ्या मजल्यावर राहत, लिफ्ट नव्हती, आणि घंटा वाजून संपायच्या आत दार उघडत. मग तासभर जिजीला नावं ठेवत. अशा माणसाला जीवनगौरव देणं म्हणजे रांग मोडणंच. वेधशाळेने त्यांना बारा वर्षं मागे ठेवलं होतं आणि त्यांचं दर वेळी फक्त एवढंच म्हणणं असे, की बाई, माझ्यात काय कमी आहे? नीट सांगायचं तर आजार कमी होता.

तिच्या निवृत्तीचं ते शेवटचं वर्ष. ही तिची शेवटची यादी, आणि ती चुकू नये एवढी एकच इच्छा तिला होती. दोनच नावं विचारात घेण्यासारखी होती.

आधी ती जिजीकडे गेली. घंटेनंतर एकतीस सेकंदांनी दार उघडलं. जिजी ओठ रंगवून, केस बांधून, खणखणीत आवाजात या म्हणाली. वय चौऱ्याऐंशी. खोलीत दारापासून कोचापर्यंत तीन खुर्च्या एका रेषेत, एकेका पावलावर मांडलेल्या होत्या, आणि जिजी बोलता बोलता प्रत्येकीच्या पाठीवर अगदी सहज हात ठेवत गेली. शेवटच्या खुर्चीशी ती थोडी जास्तच वेळ पडद्यांच्या रंगाबद्दल बोलली. अर्ज भरताना तिने छंदापुढे 'भटकंती' लिहिलं.

मग पेन खाली ठेवून म्हणाली, "बाई, मला सगळं ठाऊक आहे हं. तुमच्या त्या यादीत माझं नाव घालायचं नाही. मरणाऱ्यांचं बक्षीस आहे ते. आलं तर मी परत पाठवीन."

वेधशाळेने आबांचा विषय काढला. जिजीने तोंड भरून शिव्या दिल्या, पण तिसऱ्या वाक्याला तिला दम लागला, आणि उरलेल्या शिव्या तिने नुसत्या हाताने दिल्या.

दोन दिवसांनी आबांचं घर. घंटा वाजली आणि काहीच झालं नाही. चाळीस सेकंद गेले. आतून काठीचा आवाज आला, मग खोकला, मग पुन्हा काठी. दार उघडलं तेव्हा आबा घोंगडी पांघरून चौकटीला टेकले होते. खोकला तीन-तीनच्या ठेक्यात येत होता आणि तिसरा नेहमी जरा लांबत होता. टेबलावर औषधाच्या सात बाटल्या होत्या, सातही सीलबंद. दाराशी बूट होते आणि त्यांचे तळवे ओले होते. दिनदर्शिका मुद्दाम मार्चवर नेऊन ठेवली होती, पण मागून डोकावणाऱ्या चालू महिन्याच्या पानावर पेन्सिलीची खूण दिसत होती. तिने सगळं बघितलं आणि मनातल्या मनात नाव खाली सरकवलं. काम उत्तम होतं, पण मागच्या रांगेसाठी केलेलं. ती अवघ्या दोन हातांच्या अंतरावर बसली होती.

उठताना तिने रिवाजाप्रमाणे जिजीबद्दल विचारलं.

आबा खोकायचे थांबले. "तिच्यासारखी नटी झाली नाही," ते म्हणाले. "मी नुसता पडून असायचो हो. लोक रडायचे ते तिच्यामुळे."

वेधशाळेचा अर्ज ठेवायला गेलेला हात पिशवीतच राहिला. बारा वर्षांत या माणसाने जिजीबद्दल एक बरा शब्द काढला नव्हता. तिसऱ्या मजल्यावर येऊन ती पायरीवर बसली. खोकला खोटा, बाटल्या खोट्या, दिनदर्शिका खोटी, मग हे कोणत्या रकान्यात घालायचं? बावीस वर्षांत न चुकलेली खूण, आणि समोर असा माणूस ज्याचा धंदाच खोटं मरण्याचा. तिची छत्री वर राहिली होती. तिने ती मुद्दाम ठेवली होती की कसं, हे तिने पुढे कुणालाही सांगितलं नाही.

तिने वर जाऊन घंटेवर बोट टेकलं आणि दार उघडलं. आबा ताठ उभे, हातात लोणी लावलेल्या पावाचा तुकडा, तोंडात दुसरा. घास गिळून आबा म्हणाले, "खोकला खोटा होता. दुसरं खरं होतं."

मग त्यांनी तिला बसवून सांगितलं. दोघांचा डॉक्टर एकच. महिन्यापूर्वी दवाखान्यात जिजी आली, तेव्हा ते कोपऱ्यात वर्तमानपत्रामागे बसले होते. दारापासून बाकापर्यंत पोचायला तिला दोनदा थांबावं लागलं, आणि दोन्ही वेळा ती भिंतीवरचं लसीकरणाचं पत्रक वाचायचं नाटक करत होती. पत्रकाची वाखाणणीही करत होती. आबांना अभिनय कळतो. तिच्याकडे फार दिवस नव्हते. आणि पुरस्कार ती घेणार नाही, हेही त्यांना कळत होतं.

"म्हणून मला द्या," ते म्हणाले. "मी खुर्चीतून येतो, खोकत. मला धरायला कोणीतरी लागेलच ना? मरणारा मी, ती नुसती सोबतीला. तशी ती येईल. तीस वर्षं आलीच की. मग पदक तिच्या हातात देतो जरा धर म्हणून, आणि परत मागत नाही."

वेधशाळेने सांगितलं, की हे नियमात बसत नाही. आबा म्हणाले, बसत नाही हे मलाही दिसतंय, म्हणून तर पाव खाऊन तयारी करतोय.

घरी येऊन तिने जिजीला फोन लावला आणि आबांनी जेवढं बोलायला सांगितलं होतं तेवढंच बोलली. आबांना पुरस्कार द्यायचा विचार आहे, त्यांना धरून आणायला कोणी नाही.

"किती खोकतो?" जिजीने विचारलं.

"तीन-तीनदा."

"तिसरा लांबतो?"

"हो."

"म्हणजे धडधाकट आहे मेला. दुसऱ्या अंकातला खोकला आहे तो." मग पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. "किती वाजता आहे म्हणालात?"

यादीत आबांचं नाव पहिलं आलं. कारणाच्या रकान्यात तिने 'खोकला' लिहिलं, जे अक्षरशः खरं होतं. समितीने नाव एका मिनिटात मंजूर केलं आणि पुढचे दोन तास पहिल्या रांगेत कोणी बसायचं यावर घालवले. पत्र आबांच्या नावाने गेलं. पदकाचं काम मात्र ती स्वतः कारागिराकडे घेऊन गेली. त्याने चिठ्ठी वाचली, आबांच्या पुरस्काराची वर्तमानपत्रातली बातमी आठवली, आणि विचारलं, नक्की हेच नाव? ती म्हणाली, नक्की. एकतीस वर्षांच्या नोकरीत तिने पहिल्यांदाच मंडळाच्या कागदाबाहेर काही केलं होतं. तीन दिवस तिला नीट भूक लागली नाही. नवऱ्याने आपणहून भावाला चार शिव्या जास्त घातल्या.

सोहळ्याला आबा चाकांच्या खुर्चीतून आले आणि जिजी ती खुर्ची ढकलत आली. खरं म्हणजे ती खुर्चीला धरून चालत होती आणि आबा खालून पायाने हळूच पुढे रेटत होते, पण हे फक्त दाराजवळ उभ्या असलेल्या वेधशाळेला दिसलं. सभागृहाला मरायला टेकलेला नट आणि त्याला जपणारी नटी दिसली. पहिल्या रांगेत रुमाल निघाले. चिटणीसांनी मानपत्र वाचलं. आबा ठरल्या जागी खोकले. पदक हातात आलं, त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, नाव वाचलं, आणि आयुष्यात कधी एक वाक्य न विसरलेला तो माणूस खोकायचंच विसरला.

मग त्यांनी ते पदक जिजीपुढे धरलं. "हे तुझं आहे," ते म्हणाले. "टपालवाल्याने चुकून माझ्याकडे टाकलं."

जिजीने नाव वाचलं. दोनदा वाचलं. आणि हसली. सभागृहातल्या अर्ध्यांना तो हुंदका वाटला. आबा खुर्चीत डोळे मिटून पडून राहिले आणि जिजीने जुन्या सवयीने त्यांच्या छातीवर डोकं टेकलं. ती हसतच होती, आणि या वेळी मेलेला माणूसही हसत होता. चिटणीसांनी घाईघाईने पडदा पाडायला सांगितलं.

जिजी फेब्रुवारीत गेली. पदक तिच्या पलंगाशेजारी, तिसऱ्या खुर्चीवर होतं.

वेधशाळा त्याच्या आधीच निवृत्त झाली. निरोपाच्या भाषणात चिटणीस म्हणाले, की बाईंचा अंदाज शेवटच्या वर्षी तेवढा चुकला, आबा ठणठणीत आहेत, पण माणूस म्हटलं की चूक व्हायचीच. तिने मान खाली घालून ते ऐकून घेतलं आणि कपाटातली ती तीन पदकं आठवणीने त्या त्या घरी पोचवून मगच किल्ल्या परत केल्या.

पुढच्या सप्टेंबरात एका दुपारी तिच्या घरची घंटा वाजली. ती स्वयंपाकघरातून आली, चष्मा शोधला, दार उघडलं. दारात आबा उभे होते, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत.

"सतरा सेकंद," ते म्हणाले. त्यांची नजर तिच्या चपलांवरून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर गेली. पान बरोबर होतं. ते आत येऊन बसले, पण चेहऱ्यावरची काळजी गेली नव्हती. चहाचा कप हातात घेतल्यावर त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं केलं, "आणि चिटणीस कसा माणूस होता हो तुमचा?"

वेधशाळेने कप खाली ठेवला, पदर खोचला, आणि नोकरीच्या एकोणिसाव्या वर्षी तिची बढती कुणी आणि कशी अडवली तिथपासून, तारखेनिशी, सुरुवात केली. पाऊण तास झाला तरी ती निम्म्यावर आली नव्हती. आबा खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी दुसरा कप मागितला.