कानडा बुक्कण्णा

पद्माकर शेडगे या माणसावर मी जितकी चिडले, तितकी आयुष्यात आणखी एकाच माणसावर चिडले असेन. तो आमच्या नाटक कंपनीत पडदा ओढायचा आणि मरणाच्या प्रवेशात माझं शेवटचं वाक्य व्हायच्या आतच पडदा पाडायचा. पद्माकररावांचं उलटं. त्यांचा पडदा पडायचाच नाही. चौतीस वर्षं एकच प्रवेश चालू होता: डोक्यावर कापडी टोपी, काखेत वही, आणि सिंगापुरात क्रांजीच्या युद्ध दफनभूमीत नावं वाचत फिरणारा एक उंच, किंचित वाकलेला माणूस.

१९८१ साली ते सेंबावांगच्या एका शिपयार्डात ड्राफ्ट्समन म्हणून आले. यिशुनला फ्लॅट घेतला, तिथेच संसार केला, मुलाला, रुचिरला, वाढवलं, निवृत्त झाले. भांडण नाही, व्यसन नाही. अक्षर असं की वाणसामानाची यादीसुद्धा भिंतीवर लावावी. पण महिन्यातून एक रविवार क्रांजीचा. त्यांच्या पत्नी साधनाताई म्हणायच्या, "रुचिरच्या वेळी मी हॉस्पिटलात, आणि हे क्रांजीला. दुसरी बाई असती तर निदान जाऊन भांडले तरी असते. मेलेल्याशी काय भांडणार?"

तो मेलेला माणूस म्हणजे बुक्कण्णा.

पद्माकररावांचे वडील, महादू शेडगे, साताऱ्याकडचे. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौजेच्या दवाखान्यात ड्रेसर होते. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या कैदेत सापडले आणि साडेतीन वर्षांनी नुसती हाडं घेऊन घरी परतले. त्या काळाबद्दल घरात ते कधी बोलले नाहीत. एकदाच गावच्या शाळामास्तरांना बसवून त्यांनी सगळं सांगितलं आणि मास्तरांनी ते शुद्ध भाषेत वहीत उतरवलं. पद्माकर एकोणीस वर्षांचा असताना वडील गेले. जाताना म्हणाले, "बुक्कण्णाला पाणी सोड. जिथं पडलाय तिथं जाऊन सोड."

वहीतला तो मजकूर मला पाठ झाला होता. 'धक्क्यावरच्या कामात माझ्याबरोबर कानडा बुक्कण्णा होता. त्याची भाषा मला येत नव्हती व माझी त्याला येत नव्हती. उंच, उन्हाने तांबडालाल झालेला. मला हिवताप चढला तेव्हा त्याने आपल्या वाटच्या कोयनेलच्या गोळ्या मला चारल्या. पंधरा दिवसांनी त्याला ताप आला. तेव्हा गोळी उरली नव्हती.'

एवढ्यावर पद्माकरराव निघाले. कानडा माणूस, म्हणजे धारवाड-विजापूरकडचा. हिंदू, म्हणजे दहन झालं असणार. म्हणून दहन झालेल्या हिंदी सैनिकांची नावं आधी वाचली, मग पंखासारख्या छपराखालच्या भिंतींवरची. हजारो नावं. बुक्कण्णा नाही, बुक्काप्पा नाही, बुक्काही नाही. मग बेळगावला पत्रं, बंगळूरला पत्रं, दिल्लीला पत्रं. प्रत्येक उत्तरात तेच: या नावाची नोंद आढळत नाही. ती उत्तरं त्यांनी तारखेप्रमाणे लावून ठेवली होती आणि कुणी घरी गेलं की चहाबरोबर समोर यायची. चकली नंतर.

आणि त्याहून मोठं गाऱ्हाणं इंग्रजीचं. "सुलेखाताई," ते मला म्हणायचे, "या देशात मला कुणाला कानडा समजेल तर शपथ! मी म्हणतो 'कन्नडा सोल्जर', ते म्हणतात 'कॅनडा?' मी म्हणतो कॅनडा नव्हे हो, कन्नडा! इंडिया! लगेच मान डोलावतात आणि पुन्हा त्या कॅनडावाल्यांकडेच नेतात. शहाऐंशी साली तिथल्या एका माळ्याने तर हद्द केली. राजमाणिक्कम नाव. तमिळ माणूस, त्याला तरी कळायला नको? हात धरून भर उन्हात टेकडीवर नेलं आणि एका दगडासमोर उभं केलं. दगडावर ते कॅनडाचं पान! मी असा तापलो..."

"काय म्हणालात?"

"म्हटलं, शेजारच्या मुलखातला माणूस तू, तुला कन्नड आणि कॅनडा यातला फरक कळत नाही? बिचारा गप्प बसला."

ही गोष्ट ते हसवायला सांगायचे. आम्ही हसायचो. मीही हसले आहे, दहा वेळा तरी. ते आठवलं की आता स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

२०१५ साली रुचिरने पुण्याची नोकरी घेतली. आईवडिलांनी बरोबर यायचं ठरलं, यिशुनचा फ्लॅट विकला, नोव्हेंबरच्या पंचवीस तारखेची तिकिटं आली. साधनाताईंनी भांडी वाटायला काढली. पद्माकरराव मात्र एकच वाक्य धरून बसले: "पाणी सोडल्याशिवाय मी विमानात बसणार नाही."

"कुठे सोडणार?" साधनाताई म्हणाल्या. "नळाखाली सोडा. चौतीस वर्षांत सापडला नाही तो महिनाभरात सापडणार आहे?"

त्यांनी एक शेवटची युक्ती काढली होती. दिवाळीला आम्हा इथल्या मराठी मंडळींचा एक छोटा कार्यक्रम असायचा, मी बसवायची. त्या वर्षीचा विषय होता, आपापल्या घरचा एक जुना कागद वाचून दाखवायचा. पद्माकररावांना ती वही वाचायची होती. प्रेक्षकांत बेळगाव-निपाणीकडची चार माणसं असतात, एखाद्याच्या घराण्यात बुक्कण्णा निघायचा. बुडता माणूस काय काय धरतो!

तालीम बुओना व्हिस्टाला, आमच्यातल्या शैलेंद्र जोगच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये. पद्माकरराव उभे राहिले आणि वाचू लागले. देवा रे! पाणीपट्टीची नोटीस बरी. कानडा बुक्कण्णा मरतोय आणि यांचा आवाज मागच्या पानावर होता तिथेच.

"थांबा," मी म्हटलं. "पद्माकरराव, हा माणूस तुमच्या वडिलांसाठी मेला. वाचू नका, सांगा."

"मी ड्राफ्ट्समन आहे हो, नट नाही."

"नट जन्मतो होय? आणा इकडे ती वही."

साधनाताई मागून म्हणाल्या, "घ्याच हो काढून. माझ्या हाती तर ती कधी दिली नाही."

मी वही घेतली. मास्तरांचं अक्षर टपोरं, वळणदार. पद्माकरराव नेहमी म्हणून दाखवायचे त्याच्या पुढचं पान मी प्रथमच पाहत होते. मी पहिल्यापासून सुरुवात केली, हळू, समोर कुणीतरी बसलं आहे असं धरून. पुढच्या पानावर होतं: 'तो हातवारे करून आपले गाव सांगे. त्याच्या गावची नदी थंडीत दगड होते व पोरे तिच्यावरून चालत शाळेत जातात.'

मी थांबले. नाटकात एखादं वाक्य तोंडात बसत नाही तेव्हा ते वाक्य तरी चुकीचं असतं, नाहीतर ते आपल्याला कळलेलं तरी नसतं.

"नदी दगड कशी होईल?"

"आटते हो," पद्माकरराव म्हणाले. "पाणी आटलं की पात्रात दगडच दगड. आमच्याकडेही असतं."

"उन्हाळ्यात आटते. इथे थंडीत म्हटलंय."

"तापात ऐकलेलं असेल. वडिलांच्या डोक्यात उलटसुलट झालं असेल."

"आणि उन्हाने तांबडालाल? विजापूरचा माणूस उन्हाने तांबडा होतो? काळा होईल."

ते चिडले. "चौतीस वर्षं मी वाचतोय ही वही. तुम्ही दहा मिनिटांत मला शिकवताय?"

"शिकवत नाही, विचारतेय! तुमचं शिक्षण कुठल्या शाळेत झालं?"

"गावच्याच. याच मास्तरांच्या हाताखाली. का?"

"भूगोलात अमेरिकेच्या वरचा देश कुठला शिकवला?"

"कानडा," ते फटकन म्हणाले. शाळेतल्या मुलासारखे, हाताची घडी घालून. "देश कानडा, राजधानी..."

राजधानी त्यांच्या तोंडातून आली नाही.

हॉलमध्ये आम्ही सात-आठ माणसं होतो. पद्माकरराव खुर्ची चाचपत बसले. मग बोलले ते कुणाशी, कळलं नाही.

"त्या माळ्याने नाव विचारलं होतं. मी सांगितलं, बुक्कण्णा. तो म्हणाला, 'बुकॅनन, सर? कॅनडा बुकॅनन?' आणि माझा हात धरला."

साधनाताईंनी तोंडाला पदर लावला. त्यांना हसू येत होतं की रडू, मला आजही सांगता येणार नाही. "अहो," त्या एवढंच म्हणाल्या, "दगडावरचं नाव तरी वाचायचं होतंत."

"पान पाहिलं आणि वळलो," ते म्हणाले. "नाव वाचलंच नाही. हजारो नावं वाचली. तेवढं एक नाही वाचलं."

कार्यक्रमात त्यांनी वही वाचली नाही. मी आग्रह केला नाही.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी आम्ही तिघं क्रांजीला गेलो. मेट्रोतून उतरून चालत. साधनाताईंच्या पिशवीत तांब्या, दर्भ आणि काळे तीळ. पद्माकरराव पुढे, वही न घेता. मी त्यांना प्रथमच रिकाम्या हाताने पाहत होते.

हिरवळीवर पांढऱ्या दगडांच्या रांगा टेकडी चढत जातात. मागच्या रविवारी तिथे मृत सैनिकांना मानवंदना झाली होती. कुठे कुठे कागदी लाल फुलं होती आणि कॅनडाच्या दगडांपाशी बोटभर झेंडे खोचलेले. लांबूनसुद्धा मोजता आले असते इतके ते थोडे. पद्माकरराव कुठेही न चुकता गेले. इतक्या वर्षांनीही पायांना जागा माहीत होती. चिडून सोडलेली जागा माणूस विसरत नाही.

दगडावर पान. पानाखाली नाव, बुकॅनन. वय बावीस.

"बावीस," साधनाताई म्हणाल्या. "आपल्या रुचिरने बाविसाव्या वर्षी स्वतःचा शर्ट इस्त्री केला नव्हता."

पद्माकरराव दगडाकडे बघत उभे. मला वाटलं रडतील. माझ्या डोक्यात तर सगळा प्रवेश तयार होता, मी दोन पावलं मागेही सरले होते. ते रडले नाहीत.

"इथे उभा राहून मी ओरडलो," ते म्हणाले. "त्याच्या डोक्याशी उभा राहून, की हा नको, मला माझा माणूस पाहिजे. आणि त्या राजमाणिक्कमला मी वेड्यात काढला. तो कधीच रिटायर झाला. कुठे राहतो, आहे की नाही, कुणाला माहीत नाही. काल इथल्या कचेरीत फोन करून विचारलं मी."

"आता पाणी सोडा," मी म्हटलं.

त्यांनी तांब्या घेतला, दर्भ बोटात घातला, तीळ हातावर घेतले, आणि अडले. "गोत्र?"

"काय?"

"गोत्र म्हणावं लागतं. बुक्कण्णा सापडला की त्याच्या घरच्यांना विचारणार होतो. याचं गोत्र कुणाला विचारू?"

साधनाताईंनी सुस्कारा टाकला. चौतीस वर्षांचा असावा. "काश्यप म्हणा. ज्याचं माहीत नाही त्याचं काश्यप. एवढं तरी पटकन करा हो, ऊन चढतंय."

पद्माकररावांनी काश्यप म्हटलं. मग नाव आलं. ओठ हलले, आणि मी कान देऊन ऐकलं: त्यांनी बुकॅनन म्हटलं नाही. वडील म्हणायचे तेच म्हटलं. अंगठ्यावरून पाणी गवतात गेलं. तीन वेळा.

तांब्या रिकामा झाला तरी ते तो तसाच कलता धरून उभे राहिले. एवढ्यात खालून गवत कापायचं यंत्र थांबवून एक तरुण कामगार वर आला. म्हातारी माणसं उन्हात घोटाळतायत असं त्याला वाटलं असणार.

"अंकल, कुणाला शोधताय?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"कॅनडा," पद्माकरराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा नीट म्हणाले.

त्याने समोरच्या दगडाकडे बोट केलं. "हाच तर आहे, अंकल."

"हो," पद्माकरराव म्हणाले. "मला सांगितलं होतं."