बांबूचं खवल्या मांजर

कॉलेजच्या शेवटच्या परीक्षेसाठी मी खवल्या मांजर बनवलं होतं. नाटकाचं सामान बनवायचा कोर्स होता माझा. मुखवटे, ढाली, जनावरं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि गेले ती जनावरं बनवायला. गावात लोक हसायचे. हसू द्या. त्यांच्यातल्या कुणाला साधं कासव जमलं नसतं.

आत तार आणि कागदाचा लगदा. वरून बांबूच्या कोंबावरची गळलेली जाड सालं, खवल्यांच्या आकारात कापून, जवसाचं तेल चोळून, एकावर एक चिकटवलेली. दिवाळीची अख्खी सुट्टी त्यात गेली. परीक्षक बाहेरून येणार होते आणि ह्या एका जनावरावर माझी पदवी अडली होती.

चामोर्शीहून चंद्रपूरच्या बसमध्ये बाबा ते मांडीवर घेऊन बसले. दुपट्ट्यात गुंडाळलेलं, पण शेपटी बाहेर. शेजारच्या म्हातारीला ती दिसली.

"काय आहे वो भाऊ?"

"खवल्या मांजर. माह्या पोरीनं बनवलं."

"बनवलं म्हणते!" म्हातारीने मागच्या सीटलाही सांगून टाकलं. "एक खवला देजो ना भाऊ. नातवाच्या गळ्यात बांधतो. लय भेते पोट्टा."

आमच्याकडे हा खवला गळ्यात बांधला की पोर घाबरत नाही, असं मानतात.

"मावशी, बांबू आहे तो," मी म्हटलं.

"हव, हव, बांबूच आहे. मी कोनाले नाई सांगत."

लोकांचा विश्वास बसावा म्हणून बाबांनी दुपट्टाच काढला. पोरीचं काम नीट दिसावं, एवढाच त्यांचा हेतू. चारी बाजूंनी हात आले. मी ओरडले, हात झटकले, तरी मूल गावाचा स्टँड यायच्या आत जनावराची पाठ मधोमध उघडी पडली.

बाबा म्हणाले, "लोकाईले आवडलं वाटते."

पुढे जंगल नाक्यावर वनरक्षक बसमध्ये चढला. खवल्या मांजर जवळ सापडलं तर थेट जेल, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. त्याने बाबांच्या मांडीकडे पाहिलं.

"कोनाचं आहे हे?"

बाबांनी तोंड उघडायच्या आत म्हातारी उठून उभी राहिली. "साहेब, बांबू आहे तो! पोरीनं बनवला. एवढी शिकलेली पोट्टी, काऊन तरास देऊन राह्यले?"

"बांबूच आहे साहेब," मागचे म्हणाले. आता सगळ्या बसला पटलं होतं.

वनरक्षकाने चाकूने एक खवला खरवडला, वास घेतला. मग मला म्हणाला, "मले खरंच वाटलं होतं. झाकून ने." आणि उतरला.

मी म्हातारीपुढे हात केला. "मावशी, आता खवला द्या."

"राहू दे ना वो. पोट्ट्याले काय समजते, खरा का नकली?"

बाकीचे खिडकीबाहेर पाहत होते.

कॉलेजात परीक्षकांनी मांजराभोवती एक चक्कर मारली आणि उघड्या पाठीशी थांबले. "वा! शिकारीवर भाष्य. हे मुद्दाम केलंस ना?"

त्यांच्या मागे उभे असलेले आमचे सर मला मान हलवून 'हो म्हण, हो म्हण' सांगत होते.

"नाही सर. बसमध्ये लोकांनी खवले उपटून नेले. ताइतासाठी."

"खरं समजून?"

"आधी खरं समजून. नकली आहे कळल्यावरही परत दिले नाहीत."

परीक्षकांचा चेहरा जरा पडला. मग ते खाली बसले आणि एक खवला नखाने उचकटून पाहू लागले. तो निघेना.

"घट्ट आहे की. त्यांनी कसे काढले?"

"जोर लावून."

बाबा बाहेर व्हरांड्यात उभे होते.

"काय म्हणले?"

"पाठीवर खवले नाहीत म्हणाले."

"मंग सांगाचं ना, लोकाईनं नेले म्हणून."

"सांगितलं."

"मंग?"

"पास."