गोड्या पाण्याचा टँकर

वसंतमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. हाताच्या भेगांत पू झाला, मधुमेह होताच, विष अंगात भिनलं... डॉक्टरांनी एवढंच सांगितलं. बाकीचं मी लिहिते आहे. नीट जमेल की नाही, ठाऊक नाही.

मामा देवगड बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचा, मच्छीमार बोटींचे शाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारे लोखंडी दांडे, कातायचा. कातताना लोखंड तापू नये म्हणून त्यावर दुधासारखं पांढरं पाणी सोडतात. त्यात तेल आणि गंज रोखणारं रसायन मिसळलेलं असतं. पण वर्कशॉपची विहीर खारी. त्या पाण्यात तेल फुटून वेगळं व्हायचं आणि संध्याकाळी कातलेल्या शाफ्टवर सकाळी तांबूस डाग दिसायचे. मग मामा रसायन दुप्पट ओतायचा. डाग गेले, पण हात भाजल्यासारखे लाल झाले, मग चिरले. हातमोजे तरी घालणार कसे? फिरत्या लेथमध्ये मोजा अडकला तर हातच ओढला जातो.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. सरांना विचारून मी मामाला सांगितलं, गोडं पाणी वापरलं तर रसायन कमी लागेल. तो मला कौतुकाने वर्कशॉपच्या शेठकडे घेऊन गेला. शेठ हसले. "लेथीक आता गोड्या पाण्यान आंघोळ घालूची काय गो? हय चायेक पुरना नाय!"

मामाही हसला. बाहेर आल्यावर म्हणाला, "सोड गो बाय. शाफ्टाक गंज इलो तर गिऱ्हाईक शिव्या घालतला. हाताक कोण इचारता?"

"मी इचारतंय मा!"

"तू शीक आधी. मगे इचार."

मी अजून दुसऱ्याच वर्षाला आहे.

बाराव्याला शेठनी पंगतीसाठी टँकर पाठवला. गोड्या पाण्याचा, काठोकाठ भरलेला. "शेठ माणूस बरो," लोक म्हणत होते. मी तेच पाणी वाढत होते, कोणाकडे न बघता.

मामाच्या दाराला शाफ्टच्या तुकड्यातून त्याने कातलेली मूठ आहे. खाऱ्या वाऱ्यात बिजागऱ्या गंजल्या, पण मूठ नाही. बाटलीत आणलेलं ते पांढरं पाणी तो दर रविवारी तिच्यावर चोळायचा, उघड्या हाताने. परवा गेले तर मुठीवर तांबूस ठिपका दिसला. मामीलाही दिसला. तिने खिडकीतली बाटली घेतली, तळहात पुढे केला...

मी तिचा हात धरला. "गंज येंवदे गो मामी."