फरशीला उंची नसते

माझे मामा फरशी बसवतात. अशी बसवतात, की सांध्यावरून नख फिरवलं तरी अडत नाही. तीस वर्षं उकिडवं बसून काम केल्यामुळे जगाकडे ते खालूनच बघतात. कोणी भेटलं की आधी त्याच्या पायाखाली काय आहे ते बघणार, मग तोंड.

खोड एकच. कामावर उरलेली फरशी त्यांना टाकवत नाही. ती घरी येते आणि जागा दिसेल तिथे बसते. खिडकीच्या कट्ट्यावर बसली, चहाच्या टेबलावर बसली, कपड्यांच्या पेटीच्या झाकणावरही बसली. ती पेटी आता दोघांनी मिळून उघडावी लागते.

"मी झोपेत कूस बदलते म्हणून वाचले," मामी म्हणते. "नाहीतर माझ्यावरही बसवली असती."

मामीला मात्र हवा होता ओटा. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी शेगडी जमिनीवर, मामी जमिनीवर, आणि उठताना "आई गं". शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, आता खाली बसून स्वयंपाक केलात तर कंबर कायमची जाईल. मामांनी ते मनावर घेतलं. चार दिवस कामावर दांडी मारून त्यांनी विटांचा ओटा बांधला आणि वर उरलेली काळी फरशी बसवली.

ओटा दिसायला देखणा. लांबी बरोबर, रुंदी बरोबर, बेसिनकडे बोटभर उतार. मामांनी वर चढून पाय आपटून दाखवले, कुठेही पोकळ वाजत नव्हतं. मग मामी पुढे उभी राहिली. ओटा तिच्या छातीला लागला.

"उंची कुठल्या मापानं धरलीत?"

मामांनी फरशीच्या सांध्यावरून नख फिरवलं. "फरशीला लांबी असते, रुंदी असते. उंची आमच्या धंद्यात येत नाही गं. आणलेल्या विटा संपवल्या."

मामीनं आठवडाभर रेटलं. पीठ मळताना ती हात वर करून पोलिसांना शरण आल्यासारखी दिसायची. भाजी शिजली का बघायला स्टूल लागायचं. मी एकदाच हसलो, पण तिच्या हातात लाटणं होतं. आठव्या दिवशी तिनं शेगडी उचलून जमिनीवर ठेवली, खाली बसली आणि म्हणाली, "फरशी मात्र छान बसवलीय तुम्ही."

हे मामांना झोंबलं. पण त्याहून वाईट पुढे झालं. स्वयंपाक आटोपला आणि मामीला उठताच येईना. मामांनी दोन्ही हातांनी धरून तिला उभं केलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं, आणि मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामांनी हातोडा घेतला. उरलेला तुकडाही न टाकणाऱ्या या माणसानं स्वतः बसवलेली फरशी उखडली. निम्मी फुटली, तरी ते हळहळले नाहीत. विटांचे वरचे थर काढले आणि मामीला हाक मारली.

"इथे उभी राहा. हात कोपरात दुमड."

सवयीनं ते तिच्या पायाशी उकिडवे बसले, टेपचं टोक जमिनीला लावलं आणि टेप कोपरापर्यंत ओढली. आकडा वाचायला मात्र त्यांना उभं राहावं लागलं.

"बावीस वर्षांत पहिल्यांदा माझं माप घेताय," मामी म्हणाली.

"हलू नकोस. बोटभर चुकलं तर जन्मभर ऐकवशील."

"ते तर ऐकवणारच आहे," मामी म्हणाली, पण हलली नाही.