मापाचा चुडा

काचेवर काच घासल्याचा तो बारीक आवाज अजून कानात आहे. रेवदंड्याच्या आमच्या आळीत कासारीण येई ती हाळी न देताच. टोपली पडवीत टेकवी, माझा हात साबणाच्या पाण्याने चोळी आणि म्हणे, "सैल सोड, बाय. हात तुझा न्हाय, माझा हाय, असं समज."

अशा कासारणी तुम्हीही पाहिल्या असतील. हिचे वेगळेपण एवढेच, की अक्षरओळख नसलेल्या या बाईला कादंबरीचे वेड होते. बांगड्या भरून झाल्या की ती पाय पसरून बसे आणि मी तिला एका बालविधवेची जुनी, घरोघर वाचली जाणारी कादंबरी वाचून दाखवी. मी चौदा वर्षांची, कवितांनी भारलेली. हळदीचा पिवळा म्हणजे अजाणपण, चुड्याचा हिरवा म्हणजे आशा, विधवेच्या आलवणाचा तांबडा म्हणजे सगळ्याचा अस्त, असे मी तिला मोठ्या ऐटीत समजावून सांगे.

"रंग कळतात लिवनाऱ्याला," ती म्हणे. "मनगट न्हाय कळत. आठ वर्सांच्या पोरीचा चुडा वाजतो कुठला? गळून पडतो. दोरा गुंडाळून बसवावा लागतो."

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. गावात शिरण्यापूर्वी ती वेशीवर थांबून विचारी, मागच्या खेपेनंतर कोणत्या दारी जायचे नाही. ज्या हातांत आपण बांगड्या भरल्या, ते आता ओकेबोके झाले असतील तर त्या दारावरून तिला मुकाट्याने जायचे असे.

कादंबरीचे शेवटचे प्रकरण मी एकटीनेच वाचून टाकले. त्यातले पोरीचे मरण मोठ्याने वाचण्याचे धैर्य होईना. तिला मी आज-उद्या करीत राहिले.

मुलींच्या लग्नाच्या वयाचा कायदा येणार म्हणून तेव्हा गावोगाव घाईने लग्ने उरकली जात होती. शेजारची मुलगी नऊ वर्षांची. हळदीच्या आदल्या दिवशी चुडा भरायला कासारणीला बोलावले.

"मावशी, हिरव्याच का गं? मला निळ्या हव्यात," मुलगी हसत म्हणाली.

कासारणीने ते मनगट दोन बोटांत धरले, आणि मग माझ्याकडे पाहिले. "बाय, त्या पुस्तकातल्या पोरीचं शेवटी काय झालं? सांग की सगळ्यांना."

ओटीवरच्या बायका माझ्याकडे वळल्या. मुलगीही.

"अजून वाचलं नाही," मी म्हटले.

तिने हळूच मनगट सोडले. "हिच्या मापाचा चुडा न्हाय माझ्याजवळ." टोपलीतल्या फडक्याखालून तो मला दिसत होता, हिरवागार, लहानसा.

"काचेचा धंदा आणि तोरा सोन्याचा!" मुलीची आत्या कडाडली.

संध्याकाळी चौलहून दुसरा कासार आला. मुलगी दोऱ्याने गुंडाळलेल्या बांगड्या घरोघर दाखवीत फिरली. आमच्या आळीची दारे कासारणीला बंद झाली.

वर्षभराने ती मला खाडीच्या काठी, होडीची वाट पाहताना भेटली. चेहरा उन्हाने विटलेला. ओहोटीच्या चिखलाचा वास सुटला होता. मी तिच्याशेजारी बसले.

"मावशी, त्या दिवशी मी खोटं बोलले. शेवट मला ठाऊक होता."

होडी काठाला लागली. ती उठली, आत बसली, टोपली मांडीवर घेतली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मलापन."