बेंचवरून उठल्याची शिक्षा

मंडळी, आज डोकं फिरलंय.

सकाळी पंचवटीत माझ्या मित्राकडे, मंग्याकडे, टीव्हीवर अमेरिकेतली बास्केटबॉलची मॅच बघितली. आमच्या लाडक्या टीमचा सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा उंच गडी, बाहेर बसवलेला. का, तर गेल्या मॅचमध्ये ढकलल्यामुळे पडलेल्या साथीदाराला उचलायला तो बेंचवरून उठून धावला! तिथे मैदानात झटापट झाली की बेंचवरच्यांनी जागा सोडायची नाही, असा नियम. ढकलणारा समोरच्या टीमचा मोठा स्टार, त्याला नुसती ताकीद. आज मजेत खेळला. आम्ही हरलो.

शिस्त हवीच हो. पण ही कसली शिस्त?

संध्याकाळी आमच्या ग्राउंडवर बास्केटबॉल खेळताना मी तोंडावर आपटलो. आमच्यात कोणी पडलं की अख्खी बेंच धावते. आज मंग्या बसूनच ओरडला, "तूच उठ रे भाऊ, आम्ही आलो तर बाहेर बसवतील!"

सगळे हसले. पण खरंच कोणी आलं नाही.